नव्या यंत्राचा मान

शर्मिलाच्या खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती. तिच्याच काय, खडकीतल्या त्या अख्ख्या फ्लॅटमध्ये बाथरूम-संडास सोडले तर आतल्या कुठल्याच दाराला कडी नव्हती. तिचे सासरे रंगराव दारूगोळा फॅक्टरीत फिटर होते. क्वार्टरमध्ये राहत असताना त्यांच्या चार वर्षांच्या सुदर्शनने एकदा आतून कडी लावून घेतली आणि ती काढता येईना म्हणून भोकाड पसरलं. रंगरावांनी दार बिजागऱ्यांसकट उतरवून पोराला बाहेर काढलं आणि त्याच दिवशी घरातल्या सगळ्या कड्या काढून टाकल्या. पुढे सुदर्शन मोठा झाला, नोकरीला लागला, त्याचं शर्मिलाशी लग्न झालं, दोघांनी मिळून हा फ्लॅट घेतला. ताबा मिळाला त्या दिवशी रंगराव हातात स्क्रूड्रायव्हर घेऊनच आले आणि बिल्डरने बसवलेल्या कोऱ्या करकरीत कड्या त्यांनी एकेक करून उतरवल्या.

"घरातल्या घरात कोणाला कोणापासून कडी लावायची असते?" ते म्हणाले.

लग्नाला जेमतेम वर्ष झालेल्या शर्मिलाला या प्रश्नाचं उत्तर चांगलं ठाऊक होतं, पण ते सासऱ्यांना सांगण्यासारखं नव्हतं. त्यामुळे तिने सगळा संसार दाराला आतून स्टूल लावून केला.

सुदर्शनला जाऊन आता सात वर्षं झाली होती. मुलगी उत्कर्षा नोकरीसाठी बंगळुरूला होती. सेहेचाळीस वर्षांची शर्मिला स्वारगेटजवळच्या एका विमा कचेरीत दिवसभर लोकांच्या अपघातांचे कागद तपासायची आणि संध्याकाळी घरी येऊन सासू-सासऱ्यांचं बघायची. नातेवाईक तिच्याबद्दल बोलताना नावाच्या आधी 'बिचारी' लावायचे. बिचारी शर्मिला आली का, बिचारी शर्मिलाला लाडू द्या. या शब्दाचा तिला इतका वीट आला होता की लाडूही गोड लागेनासे झाले होते. बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानातून तिने कधीचीच पितळी कड्यांची एक जोडी आणून कपाटात ठेवली होती. "अप्पा, एवढी बसवून द्या ना," असं म्हटलं की रंगराव "बघू" म्हणायचे. फिटर माणूस 'बघू' म्हणाला की ते काम झालं नाही असंच समजायचं.

तर अशा या घरात शर्मिलाने व्हायब्रेटर मागवला.

कल्पना ऑफिसातल्या राधाची होती. डबा खाताना ती सहज म्हणाली, "अगं, नवरा गेला म्हणून अंग काय पेन्शनीत निघतं का? मागव एक. मी मागवलाय." शर्मिलाला ठसका लागला. पुढचा आठवडाभर तिने राधाशी बोलणं टाळलं आणि त्यानंतर तिच्याकडे लिंक मागितली. पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर आलं. जांभळ्या रंगाचं, गुळगुळीत, लहानशा टॉर्चएवढं ते यंत्र शर्मिलाने लॅपटॉपच्या बॅगेत घालून घरी आणलं. बसमध्ये मांडीवर ती बॅग तिने अशी धरली होती की शेजारची बाई म्हणाली, "दागिने आहेत वाटतं."

मुहूर्त लागला तो नवरात्रातल्या अष्टमीच्या दुपारी. सासू-सासरे चतुःशृंगीला दर्शनाला गेले होते, म्हणजे रांग, प्रसाद, पाळणे बघणं धरून दिवेलागणीपर्यंत परत येत नाहीत. देवीचा दिवस म्हणजे बाईचाच दिवस, असं स्वतःला बजावत शर्मिलाने दाराला स्टूल लावलं, पडदे ओढले आणि सोबत आलेला माहितीचा कागद चष्मा लावून वाचला. त्यात बारा भाषा होत्या. मराठी नव्हती. बटण दाबलं तर काही होईना. दुसरं दाबलं, तरी ढिम्म. शेवटी चिडून तिने अंगठा दाबूनच ठेवला, तेव्हा ते एकदम घुर्रर्र करून असं जागं झालं की तिच्या हातून सुटून दिवाणावर पडलं. दिवाण प्लायवूडचा आणि आत स्टीलची भांडी ठेवलेली. अख्खा दिवाण गुणगुणायला लागला आणि आतल्या ताटवाट्या त्याला साथ देऊ लागल्या. शर्मिला उशी घेऊन त्याच्यावर पडली. बंद कसं करायचं ते कागदाच्या मागच्या बाजूला होतं.

त्यानंतर काय झालं ते सांगायचं कारण नाही. दार लोटलेलं होतं, खोली तिची होती आणि देहही तिचाच होता. एवढंच सांगायला हरकत नाही की थोड्या वेळाने शर्मिला हसली. एकटीच, मोठ्याने, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सात वर्षं आपण या शरीराकडून फक्त कामं करून घेतली, त्याला एकदाही काही दिलं नाही, हे तिला त्या क्षणी लख्ख दिसलं. मग तिला गाढ झोप लागली.

ती जागी झाली ती स्टूल घसरण्याच्या आवाजाने. "दार का अडतंय गं?" म्हणत रंगराव खांद्याने दार ढकलत होते. चतुःशृंगीला गर्दी फार, म्हणून दोघं लवकर परतले होते. शर्मिलाने हाताला येईल ते लॅपटॉपच्या बॅगेत कोंबलं आणि सणाची सुट्टी संपली की हे ऑफिसच्या खणात नेऊन ठेवायचं असं ठरवून टाकलं. आपल्याच घरात चोरासारखं वागावं लागल्याचा राग मात्र तिच्या मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला सुट्टी होती आणि घरी खंडेनवमी. बाकीच्यांच्या घरी दिवाळी मोठी असेल, रंगरावांच्या घरी खंडेनवमी मोठी. फॅक्टरीत त्यांनी जन्मभर या दिवशी लेथ मशीनला हार घातला होता, आणि निवृत्तीनंतर ती सगळी भक्ती घरातल्या यंत्रांवर आली. पहाटे उठून ते पाना-पक्कड, ड्रिल मशीन, शर्मिलाच्या सासूबाईंचं, चंद्रभागाबाईंचं शिलाई मशीन, मिक्सर, इस्त्री असं सगळं पुसून पाटावर मांडायचे. वर्षभरात घरात जे नवं यंत्र आलं असेल त्याला मधला मान. मागच्या वर्षी तो मान हँड ब्लेंडरला मिळाला होता.

शर्मिला अंघोळ करून डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली, आणि पाटाकडे बघून दारातच थिजली. तिचा लॅपटॉप पाटावर होता. त्याच्यापुढे, बरोब्बर मधोमध, विड्याच्या पानावर सुपारीला टेकून ते जांभळं यंत्र उभं होतं. त्याला हळद-कुंकू लागलं होतं आणि डोक्यावर झेंडूचं फूल होतं.

"लॅपटॉप घ्यायला तुझ्या खोलीत गेलो तर बॅगेत हे," रंगराव म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक होतं आणि थोडा रुसवाही. "घरात नवीन यंत्र आणलंस आणि मला दाखवलं नाहीस?"

त्यांनी वाकून ते पुन्हा एकदा निरखलं.

"काम मात्र झकास आहे हो. कुठे सांधा नाही, स्क्रू नाही. पाणी आत जायला जागाच ठेवली नाहीये. कशाचं आहे?"

"माझं आहे," शर्मिला कशीबशी म्हणाली.

"तुझं आहे ते कळलं. काम काय याचं?"

"माझंच काम, अप्पा. द्या ते इकडे."

"आता कसं देऊ? कुंकू लागलं." रंगरावांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने देव्हाऱ्यातला बाळकृष्णच खेळायला मागितला. "उद्या उत्तरपूजा झाली की घे. पूजेतलं हत्यार हलवायचं नसतं, तुला माहितीय."

तेवढ्यात उत्कर्षाचा व्हिडिओ कॉल आला. दरवर्षी आजोबा तिला पाट दाखवायचे. रंगरावांनी मोबाइल पाटावरून हळूहळू फिरवला. पक्कड, ड्रिल, मिक्सर, आणि मधोमध येऊन थांबवला.

"आजोबा," उत्कर्षा म्हणाली, "ते मधलं जांभळं..."

"नवीन आहे. तुझ्या आईचं. तुला माहितीय का काय आहे ते?"

पडद्यावर उत्कर्षाचा चेहरा इतका स्तब्ध झाला की रंगराव म्हणाले, "नेटवर्क गेलं वाटतं." शर्मिलाने मोबाइल हिसकावून घेतला आणि ती गच्चीत गेली. तिकडे उत्कर्षा तोंडात ओढणीचा बोळा कोंबून हसत होती.

"आई! यू आर अ लेजंड!"

"गप गं. आता काय करू ते सांग."

"काय करायचंय? पूजा झालीय ना? आता नैवेद्य दाखव."

"उत्कर्षा!"

"हे बघ आई," हसू आवरून ती म्हणाली, "तू कुणाचं काय चोरलंस का? मग घाबरतेस कशाला?"

हा प्रश्न शर्मिलाच्या डोक्यात घर करून बसला. ती तिथे अजून विचार करत होती, तोवर खाली रिक्षा थांबली आणि तिची नणंद आली. मंदाकिनी रंगरावांची थोरली मुलगी, सदाशिव पेठेत राहायची आणि बायकांचे योगासनांचे वर्ग घ्यायची. तिच्या बोलण्याला धार होती आणि ती धार वाया जाऊ द्यायला तिला आवडत नसे. तिने पायातल्या चपला काढल्या, पाटापुढे हात जोडले, डोळे मिटले, डोळे उघडले, आणि तिचे जोडलेले हात आपोआप सुटले.

"हे कोणी ठेवलं इथे?"

"मी," रंगराव म्हणाले. "नवीन आहे."

"अप्पा, उचला ते."

"कुंकू लागलंय मंदा."

"म्हणूनच म्हणतेय, उचला!"

"का? तुला माहितीय का काय आहे ते?"

मंदाकिनीने तोंड उघडलं. माहीत नाही म्हणावं तर उचला का म्हणते. माहीत आहे म्हणावं तर वडिलांना सांगणार काय! तिने तोंड मिटलं. सदाशिव पेठेतून माहेरी येऊन निरुत्तर होण्याची ही तिची पहिलीच वेळ. ती तरातरा स्वयंपाकघरात गेली. तिथे चंद्रभागाबाई प्रसादाचा शिरा परतत होत्या आणि शर्मिला वेलची कुटत होती.

"लाज नाही वाटत?" मंदाकिनी दबक्या आवाजात म्हणाली. "या वयात? सुदर्शन गेल्यावर?"

"ताई, तुम्हाला कसं ओळखता आलं ते?"

मंदाकिनी कानापर्यंत लाल झाली. "मोबाइलवर जाहिराती येतात. आपोआप."

"आपोआप नाही येत, ताई. आधी आपण काहीतरी बघितलं की मग येतात."

चंद्रभागाबाईंनी एकदा सुनेकडे आणि एकदा लेकीकडे पाहिलं, आणि शिऱ्यात आणखी एक चमचा तूप सोडलं.

आरतीला तळमजल्यावरचे दिगंबरराव आले. ते सोसायटीचे सेक्रेटरी, आणि प्रत्येक गोष्टीवर मत असणं हे त्यांच्या पदाचं कर्तव्यच होतं. "वा वा रंगराव, माइक घेतलात का? कॉर्डलेस दिसतोय. गणपतीत सोसायटीला उपयोगी पडेल." मंदाकिनीने कपाळाला हात लावला. शर्मिलाला भीतीही वाटत होती आणि आतून हसूही उसळत होतं.

आरती झाली, नैवेद्य दाखवून प्रसाद वाटून झाला आणि रंगराव शेवटच्या विधीकडे वळले. बंद यंत्राची पूजा देवाला पोचत नाही, असं त्यांचं मत होतं. म्हणून पूजेनंतर जागेवरच प्रत्येक यंत्र एकदा चालू करून दाखवायचं. मिक्सर घरघरला, ड्रिल फिरलं, शिलाई मशीनचं चाक गरगरलं. मग त्यांनी नव्या यंत्राचं बटण दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. झेंडूचं फूल तेवढं हललं.

"बिघडलंय," रंगराव खिन्न होऊन म्हणाले.

"मग तर काढाच!" मंदाकिनीला हुरूप आला. "बंद पडलेली वस्तू पूजेत कशाला? फेकून द्या. असल्या वस्तूंचं या घरात कामच काय? एकट्या बाईने कसं राहावं याला काही रीत असते. बिचारीला कोणीतरी नादी लावलेलं दिसतंय."

"फेकायचं कशाला? उघडून बघतो," म्हणत रंगरावांनी पाटावरच्या स्क्रूड्रायव्हरकडे पाहिलं.

शर्मिला दारात उभी होती. आता गप्प राहायचं, एवढंच तिला करायचं होतं. यंत्र बिघडलं म्हणून उचललं गेलं असतं, कोणाला काही कळलं नसतं, आणि सगळं निभावलं असतं. पण तो 'बिचारी' शब्द तिच्या कानात शिरला आणि आत काहीतरी तटकन तुटलं. ती पुढे आली, पाटापुढे बसली आणि तिने बटणावर अंगठा ठेवला.

"बिघडलेलं नाहीये, अप्पा. दाबून धरावं लागतं."

घुर्रर्र! यंत्र पानावर नाचायला लागलं. सुपारी टुणकन उडाली, फूल मिक्सरच्या भांड्यात पडलं, आणि ताम्हणातली पळी किणकिण वाजायला लागली. दिगंबररावांनी हातातला शिरा तोंडाकडे नेता नेता थांबवला. त्यांच्या चेहऱ्यावर आधी शंका आली, मग खात्री झाली. "घरी गॅसवर दूध आहे," असं म्हणून ते चपला न घालताच जिन्याने उतरले.

"कशाचं गं ते?" चंद्रभागाबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

शर्मिलाने यंत्र बंद केलं. "बाईच्या सुखाचं आहे, आई. माझ्या एकटीच्या. सुदर्शन गेला, मी नाही गेले. माझं अंग अजून जिवंत आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. लाज वाटते ती याची, की सेहेचाळीसाव्या वर्षी मी दाराला स्टूल लावते. मी बिचारी नाहीये. मला फक्त कडी पाहिजे."

रंगरावांनी यंत्राकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, मग चष्मा काढून तो बराच वेळ धोतराच्या सोग्याला पुसला आणि ते गच्चीत निघून गेले.

आता माघार घेण्यात अर्थ नव्हता. शर्मिला उठली, कपाटातून पितळी कडी काढली, परत आली आणि पाटावरचं ड्रिल मशीन उचललं.

"पूजेतलं हत्यार उचललं!" मंदाकिनी किंचाळली. "अप्पा, बघा! खंडेनवमीला!"

शर्मिलाने आयुष्यात ड्रिल चालवलं नव्हतं. पण दोन दिवसांत थरथरणारं यंत्र पहिल्यांदा हातात धरायची ही तिची दुसरी वेळ होती, आणि पहिली काही वाईट गेली नव्हती. तिने ते आपल्या खोलीच्या दाराला टेकवलं आणि दाबलं. दारातून धूर निघाला, भोक पडलं नाही. तिने दात-ओठ खाऊन आणखी जोर लावला. मागे पावलं वाजली. वळून बघितलं तर रंगराव उभे होते, कपाळावर आठ्यांचं जाळं. मंदाकिनीने समाधानाने श्वास घेतला.

"काय करतेस हे?" रंगराव गरजले.

"कडी बसवतेय."

"भिंतीचा बिट लावून? लाकडाला?" त्यांनी ड्रिल तिच्या हातातून घेतलं, बिट बदलला आणि ते परत तिच्याच हातात दिलं. "आधी पेन्सिलने खूण कर. आणि जोर नको लावूस, यंत्राला त्याचं काम करू दे."

"अप्पा!" मंदाकिनी म्हणाली.

"मंदा, तुझ्या घरी कड्या आहेत ना?"

"आहेत."

"मग तू शिरा खा."

चारही स्क्रू शर्मिलाने स्वतः पिळले. एक जरासा तिरका गेला, तो रंगरावांच्या जिवाला लागला, पण ते बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "आत जा. लावून बघ." शर्मिला आत गेली, तिने दार लोटलं आणि कडी सरकवली. बाहेरून रंगरावांनी आधी हाताने आणि मग खांद्याने दार ढकलून बघितलं. ते हललं नाही. "बसली," असं ते हलकेच म्हणाले, आणि त्यांची पावलं दूर गेली.

शर्मिला दिवाणावर बसली. खोली तीच होती, पंखा तोच होता, तरी तिला घर बदलल्यासारखं वाटत होतं. तेवढ्यात दारावर टकटक झाली. ती दचकली. या घरात आतल्या दारावर कोणी टकटक करतं, हे तिने आजवर ऐकलंच नव्हतं. तिने कडी काढली. दारात रंगराव हातात तबक घेऊन, मान खिडकीकडे वळवून उभे होते. तबकात ते जांभळं यंत्र होतं, कुंकवासकट.

"अक्षता वाहून उत्तरपूजा केली," ते खिडकीला सांगावं तसे म्हणाले. "ड्रिल उचललंच होतं, मग याला तरी कशाला अडकवून ठेवायचं." ते निघाले, दोन पावलांवर थांबले. "आणि लाल दिवा लुकलुकतोय. चार्जिंगला लाव. बॅटरी पूर्ण उतरू देऊ नये."

शर्मिलाला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात स्वयंपाकघरातून चंद्रभागाबाईंचा आवाज आला.

"शर्मिला, त्या कड्या जोडीने मिळतात ना गं?"

"हो आई. एक आहे अजून."

"मग ती आमच्या खोलीला बसव."

रंगराव जागच्या जागी उभे राहिले. "आपल्या? आपल्याला या वयात कशाला कडी?"

"आपल्याला नाही, मला," चंद्रभागाबाई कढईवर झाकण ठेवत म्हणाल्या. "तुम्हाला आत यायचं असेल तेव्हा टकटक करा. आत्ता केलीत ना, तशीच."